भुसावळमार्गे नर्मदा

मी अमरकंटकची गाडी का सोडली, विचारता ना? मग ऐका. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला नर्मदेची परिक्रमा करायची होती. म्हसावदच्या प्रकाशभाऊंनी आम्हा सात जणांचा प्रवास कागदावर आखून आणला. आधी भुसावळ, मग कटनी, मग पेंड्रा रोड, पुढे जीपने अमरकंटक, नर्मदेच्या उगमाशी.

मी म्हटलं, "भाऊ, चालायला सुरुवात करायलाच दोन दिवस? परिक्रमा काठावरून कुठूनही उचलता येते, फक्त पुन्हा तिथेच येऊन सोडायची. मी काठावरच्या माझ्या गावाहून, मणिबेलीहून उचलणार."

भाऊ हसले. "ताई, मणिबेलीमा आते काय शे? तुमनं घर तं धरणना पाणीमा गयं!"

"मग जिथवर पाणी टेकलंय, तिथून उचलेन."

"तशी कोठे यात्रा व्हस का? माणूसनी लांबून नदीपर्यंत जावाले पाहिजे."

मी तो कागद घडी घालून त्यांच्याच खिशात ठेवला. म्हटलं, "भाऊ, नर्मदामाय स्वतः डोंगर चढून माझ्या चुलीपर्यंत आली. आता तिला भेटायला मी भुसावळमार्गे जाऊ?"