व्हिएन्नात टेकायचं कुठे?

या, बसा. पुढे जागा आहे. खांबाआड बसलेल्यांनी पुढे यावं... किंवा राहू द्या, खांब चांगला असतो. का, ते पुढे कळेल.

आजच्या कीर्तनाचा प्रश्न साधा आहे. चैन करणं पाप आहे का?

डावीकडच्या माना 'नाही' म्हणतायत. उजवीकडच्या 'हो'. आमचे बापू पेटीवाले दोन्हीकडे मान हलवतायत. त्यांना दोन्ही घरी जेवायला जायचंय.

मी म्हणतो, आधी चैन म्हणजे काय ते तरी ठरवू. त्यासाठी तुम्हाला व्हिएन्नाला नेतो. ऑस्ट्रिया देशाची राजधानी. उठू नका, चपला घालायची गरज नाही. बापू, सा धरून ठेवा.

कराडला सदाशिवराव माळवदे म्हणून एक गृहस्थ. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनीत बसायचे आणि कर्ण्यावरून सांगायचे, "पाटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." चौतीस वर्षं या माणसानं अख्ख्या तालुक्याला गावोगाव पाठवलं. स्वतः कुठे गेला? घरी. तेही वेळेवर.

त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई, भूगोलाच्या शिक्षिका. दरवर्षी फळ्यावर युरोपचा नकाशा काढायच्या आणि निळ्या खडूनं एक लांब रेघ ओढायच्या. ती डॅन्यूब नदी. रेघ व्हिएन्नापाशी आली की हात जरा थांबायचा. पोरांना वाटायचं, खडू मोडला.

आता बाई निवृत्त झाल्या आणि गुडघ्यांनीही निवृत्ती घेतली. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करू. तोवर हिंडा, पण बसत बसत."

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, पाय आहेत तोवर मला ती नदी बघायचीय."

"बघू की," माळवदे साहेब म्हणाले.

आणि माणूस दिलदार हो! चार दिवस व्हिएन्ना. जुन्या शहरातलं राजेशाही हॉटेल, खोलीला पुरुषभर उंचीची खिडकी, न्हाणीघरात संगमरवरी टब. खर्चाचं मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. सोमवारी पुण्याला व्हिसाच्या कचेरीत दोघांनी जायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी बाईंपुढे कागद ठेवला. ऐका —

*सकाळी ८.०५ हॉटेलातून प्रस्थान.*
*८.२० राजवाडा.*
*९.३५ दुसरा राजवाडा.*
*१०.४० मोठं चर्च, आतून.*
*११.०० तेच चर्च, बाहेरून.*
*११.१० चर्चचा मनोरा, पायऱ्या ३४३.*
*१२.०५ नदी (पाच मिनिटं).*

हा फक्त पहिला दिवस. तोही अर्धा.

बाईंनी चष्मा लावला. लाल पेन घेतलं, सवय. पहिली ओळ, दुसरी ओळ... पेन टेकेना.

"अहो, यात टेकायचं कुठे?"

"टेकायचं म्हणजे?"

"बसायचं. त्या शहरात म्हणे एक कॉफी मागवून अर्धा दिवस बसता येतं. कोणी उठवत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा पेलासुद्धा ठेवतात."

"इंदू, बसायला बाकडी काय कराडात कमी आहेत? इतक्या लांब जायचं आणि बसायचं?"

"आणि ती मोठी खिडकी?"

"तिथून फोटो काढू. सात छप्पन्नला."

हसताय? हसा. तुमच्या सहलीचा कागद माझ्याकडे नाही म्हणून हसताय.

बाई हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावलं. "पाटणच्या गाडीला तुम्ही चहाचा थांबा दिला होता. मला पाच मिनिटांची नदी देताय. तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा. सोमवारी मी पुण्याला येत नाही."

ओरडल्या नाहीत हं. ओरडल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

— थांबा. चिठ्ठी आली आहे. अध्यक्षांची. वाचतो: "बुवा, पावणेआठला महाप्रसाद. आख्यान आटपावे." बापू, बघा, माळवदे साहेबांचे भाऊबंद आपल्यातही आहेत. अध्यक्ष, रागावू नका. भात निवत नाही, मी पातेल्यावर झाकण बघून आलोय.

तर शनिवार. दर शनिवारी नवरा-बायको मारुतीला जायचे. आता आपली रीत काय? दर्शन झालं की लगेच निघायचं नाही. देवळात घटकाभर टेकायचं. बाई टेकायच्या. साहेब? नमस्कार करून थेट चपलांपाशी. उभे. मनगट वर, घड्याळ डोळ्यांसमोर. सतरा वर्षं.

त्या शनिवारी बाईंचा गुडघा ठणकत होता. तेलाची वाटी हातात देत म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन या." आणि सवयीनं पुढे म्हणाल्या, "टेकून या."

साहेब गेले. तेल वाहिलं. निघाले. गुरव म्हणाले, "साहेब, बाई नाहीत आज? त्यांचा खांब मोकळा दिसतोय."

"त्यांचा खांब?"

"तो काय, डावीकडचा. पाठ टेकून टेकून तेवढा गुळगुळीत झालाय बघा."

साहेब खांबापाशी गेले. बसले. घड्याळ बघितलं, एक मिनिट. पुन्हा बघितलं, तेच मिनिट. पाय हलवले. मग खांबाला पाठ टेकली —

बापू, पेटी बंद.

रांगेतून काय दिसतं, मंडळी? पुढच्याची मान. इथून, रांग जरा सरकली की, अख्खा मारुती दिसत होता. शेंदूर, चांदीचे डोळे, समईची वात. सतरा वर्षं साहेबांनी मारुतीचे पाय तेवढे बघितले होते. चेहरा आज बघितला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. साहेबांनी मान जराशी वळवली, तर त्याच खांबापासून दाराबाहेरची चपलांची जागा समोर दिसत होती. आज तिथे कोणी नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं बाई इथे बसून एका नजरेत देव बघत होत्या, आणि दुसऱ्या नजरेत मनगट वर करून उभा असलेला नवरा. वाट बघत. हा कधी आत येऊन बसेल.

*धावे त्याच्या मागे देव राहून जाई।*
*टेके त्याच्यापुढे आपणच येई॥*

किती वेळ बसले? माहीत नाही. घड्याळवाल्या माणसालाच माहीत नाही, मग मला कुठून असणार?

घरी येऊन साहेबांनी नवा कागद घेतला.

*दिवस पहिला. पोचणे. खिडकीशी बसणे.*
*दिवस दुसरा. नदी.*
*दिवस तिसरा. कॉफी. पाण्याचा पेला.*
*दिवस चौथा.*

चौथ्यापुढे काहीच नाही.

बाईंनी लाल पेन घेतलं. "चौथा दिवस अपुरा आहे."

"सुचलं नाही, इंदू."

"मनोरा घाला."

"तीनशे त्रेचाळीस पायऱ्या आहेत."

"तुम्ही चढा. मी खाली बसते. वरून मला हात करा, आणि सावकाश उतरा. माझी घाई नाही."

आणि बाईंनी कागदाखाली बरोबरची खूण केली. सोमवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीत दोघं शेजारी-शेजारी बसले होते. खिडकी बाईंना. गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली. साहेबांचं मनगट खालीच होतं. पुढच्या महिन्यात निघतायत.

तर चैन म्हणजे काय? संगमरवरी टब? असू द्या, पाणी गरम असेल तर चांगलाच आहे. पण त्या टबात बसून 'पुढे काय' असं ज्याच्या मनात येत नाही, त्याची ती चैन. ज्याच्या येतं, त्याची ती धावपळ, फक्त ओली. आणि ही चैन पाप असती, तर देवळाला सभामंडप कशाला बांधला असता?

आता आरती होईल. पानं मांडलेली आहेत, मला माहीत आहे. तुमच्यातले निम्मे आत्ताच चपलांच्या दिशेनं बघतायत, तेही दिसतंय मला. उभ्या माणसाला सगळं दिसतं. फक्त देव त्याच्या पाठीमागे असतो.

म्हणून आज आरतीनंतर कोणी उठायचं नाही. शेजारी कोण बसलंय ते बघा. घरी कोणी वाट बघत असेल, तर त्यांचा खांब कोणता ते आठवा.

अध्यक्ष, तुम्हीसुद्धा. या, इथे माझ्याजवळ. सरकतो जरा.

दीड तास उभा आहे मी. आता मीही टेकतो.