एक खूण लपवून ठेवायची

—नाही नाही, बूट नका काढू, दारातच बोलू ना, बाळ झोपलंय आणि घराची अवस्था तर विचारूच नका. टपालपेट्यांपाशी लावलेला 'ससा सापडलाय'चा कागद बघून आलात ना? बरं झालं बाई. मला वाटलं होतं, कुणी फिरकणारच नाही. इस्टर सरला की इथं हे असंच—सणाला पोरांना ससा आणून द्यायचा, आणि त्यानं दिव्याची वायर कुरतडली की नदीकाठच्या बागेत नेऊन सोडायचा. म्हणे मोकळा केला, रानातल्या सशांत मिसळेल! मिसळतोय! अहो, पाळीव जीव तो, समोर कोल्हा आला तर त्याच्याकडेसुद्धा कोथिंबीर मागायला जाईल. तुम्हाला नाही हं म्हणत मी. तुमचा तर पळून गेलाय. पळूनच गेलाय ना? तेच.

कपड्यांच्या टोपलीखाली पकडला मी त्याला, कुंपणाच्या झुडपात, बाळाला, माझ्या विलाला, छातीशी बांधून. रांगत होते अक्षरशः, रस्त्यावरून शाळेची बस चाललेली, आत माझेच जुने विद्यार्थी—असो. घरी आणला तर खाईचना. आणि सशाचं पोट थांबलं की ससा संपला, हे तुम्हाला माहीतच असेल. मला कुठलं माहीत? प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाला वाटून पिचकारीनं भरवा. मग काय, एका हातात विलाची बाटली, दुसऱ्या हातात सशाची पिचकारी, आणि एकदा तर झोपेत—जाऊ दे, ते नाही सांगत. दोघंही जगले. पहिल्यांदा लेंड्या दिसल्या ना, तेव्हा मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडले. नवऱ्याला फोन केला तर म्हणतो, "मॅरेन, तू लेंड्यांसाठी रडतेयस?" त्याला काय जातंय बोलायला, तो वर उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला. पंधरवडा तिकडे, पंधरवडा इकडे. कालच गेलाय.

हो, म्हणजे मीच आणि बाळ. सवय झालीय.

तर ते राहिलंच—तुम्ही रागावू नका, पण एक विचारायचंय. समोरच्या मिसेस पावलुक आहेत ना, त्यांनी बजावून ठेवलंय. म्हणाल्या, "कागदावर सगळं लिहू नकोस पोरी. एक खूण लपवून ठेव. खरा मालक असेल तो सांगेल. फुकटचा ससा म्हटलं की कोण कोण येतं, अजगर पाळणारे येतात, शिकारी कुत्री तयार करणारे येतात." वर म्हणाल्या, "पण तुझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!" असं बोलतात त्या, मनाच्या चांगल्या आहेत. आत्ता घरी नाहीत, बहिणीकडे गेल्यात. तर सांगा, काय खूण आहे?

तपकिरी, लोंबते कान—ते तर कागदावरच आहे हो! दुसरं काहीतरी. नाही, डोळे नाहीत. शेपटीही नाही. तुमची मुलगी रोज खेळायची म्हणता, मग लक्षात आलंच असेल. असं करा, आठवा, चालताना कसा चालतो? हां, आलात जवळ! पाय, पाय बरोबर. पुढचा? अंहं. मागचा, डावा, त्याचं एक… न… नख! नखच नाही ना त्या बोटाला! शाब्बास!

अगं बाई.

नाही, काही नाही. मीच सांगून टाकलं, नाही का? वर्गातही माझं हेच, फळ्यापाशी पोरगं गप्प उभं राहिलं की मला बघवत नाही, पहिलं अक्षर तोंडातून सुटतंच. मुख्याध्यापक म्हणायचे, तुमच्या वर्गात कुणी नापासच होत नाही, मॅडम. हसताय तुम्ही. हसा. मला ना, सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि संशय घेतल्याचीही लाज वाटायची, असं दुहेरी दुखणं आहे. बाळंत झाल्यापासून जास्तच.

पिंजरा आणलाय ना? गाडीत? ती का, ताडपत्रीवाली? तिच्याखाली काय हलतंय? खोकी कसली एवढी? बरीच दिसतायत. म्हणजे, बाकीचेही तुमच्या मुलीचेच?

बरं. बरं. तर आणतेच मी त्याला. तेवढं एक—त्याच्या उजव्या कानाला टाके आहेत ना, हिवाळ्यात घातलेले, ते तुम्हीच घालून घेतलेत? हो? तुम्ही स्वतः नेलं होतंत? मुलगी रडली?

असं.

त्याच्या कानाला टाके नाहीत हो. कुठेच नाहीत.

नाही, माझी चूक होत नाहीये. रोज मांडीवर घेते मी त्याला. आणि ससा इथं नाहीच आहे—डॉक्टरांकडे ठेवलाय, आठवलं मला. तो आवाज? तो वॉशिंग मशीनचा. पाय घ्या मागे. उंबऱ्यातला पाय. तुम्ही हळू बोललात म्हणून मी घाबरायची थांबत नाही. विलाचं नाव घेऊ नका तुम्ही. मीच सांगितलं असेल, मी काहीही सांगते, तरी तुम्ही घ्यायचं नाही. हो, कळतंय मला, एका सशासाठी कशाला एवढं. देऊन टाकावा, मोकळं व्हावं. तेच म्हणतायत सगळे, बागेत सोडणारेही तेच म्हणतात. बरं, आणते. मागे सरका, दार लोटल्याशिवाय साखळी निघत नाही. आणखी थोडं. हां—

कडी लावलीय मी. ऐकू येतंय ना? दोन्ही कड्या. फोन हातात आहे माझ्या, पोलिसांना लावलाय, लागेलच आता. नाही देणार ससा. उद्याही नाही, परवाही नाही, पैसे देऊनही नाही. जा तुम्ही.

जा म्हणते ना.

गेलात? पायऱ्या उतरल्याचं ऐकलं मी. मग गाडी का सुरू होत नाहीये तुमची? अहो? मागच्या अंगणात कोण—