मिस स्क्रिव्हनर यांची धूळ

(लिंकनशायर. महायुद्धातल्या विमानतळाचा कंट्रोल टॉवर. आता गावातली हौशी मंडळी तिथे संग्रहालय चालवतात. रविवारची दुपार. ग्वेंडा केक घेऊन जिन्याच्या पायथ्याशी पोचली आहे आणि टेरेन्सने तिला अडवलं आहे.)

टेरेन्स : म्हणून म्हणतो, वर जाण्याआधी केक खाली ठेव.

ग्वेंडा : ठेवला. आता नीट सांग. कुणाची धूळ झटकलीस?

टेरेन्स : मिस स्क्रिव्हनरची.

ग्वेंडा : म्हणजे त्यांच्या कोटाची?

टेरेन्स : सुरुवात कोटापासून केली. मग मानेपर्यंत आलो.

ग्वेंडा : टेरेन्स, ही जमीन त्या बाईंची आहे. टॉवर ठेवायचा की पाडून कांद्याची वखार बांधायची, हे ठरवायला त्या आज येणार होत्या.

टेरेन्स : अगं, चष्मा खाली राहिला होता. रेडिओसमोर खुर्चीत आपला तो रेडिओवाल्या डोरिसचा मेणाचा पुतळा असतो ना? तिचा हात निखळला म्हणून आपल्या मॉरिसने तिला दुरुस्तीला घरी नेलंय, हे मला कुणी सांगितलंच नाही. बाई लवकर आल्या, जिना चढून दमल्या, तिच्याच खुर्चीत बसल्या आणि त्यांचा डोळा लागला. मला आपलं खुर्चीत कुणीतरी आहे एवढं दिसलं.

ग्वेंडा : झटकून झाल्यावर तरी कळलं?

टेरेन्स : नाही ना. डोरिसची टोपी घातली. कानांवर हेडफोन चढवले.

ग्वेंडा : अरे देवा.

टेरेन्स : तेवढ्यात ग्रिम्सबीचे पाहुणे वर आले. एकजण म्हणाला, पुतळा अगदी जिवंत वाटतो. मी म्हटलं, कसला जिवंत, नाक साफ फसलंय.

ग्वेंडा : झोपेत होत्या ना त्या?

टेरेन्स : मला तर तो पुतळाच वाटत होता. मी पुढे म्हटलं, हनुवटीही उन्हाने जरा ओघळलीये. तर डोरिस म्हणाली, "हनुवटी माझ्या वडिलांची आहे." एक गृहस्थ मटकन खालीच बसले.

ग्वेंडा : संपलं. आता हा केक मीच खाते, सगळा.

टेरेन्स : ऐक तर. मी टोपी काढायला गेलो, तर म्हणाल्या, राहू दे. युद्धात त्या एवढ्याशा होत्या, इथे अंडी घेऊन यायच्या. पहारेकरी दारातच अडवायचा, त्यामुळे टॉवर आतून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एक वैमानिक निघताना त्यांना हात करायचा. एका संध्याकाळी दोन्ही हातांत टोपल्या होत्या, म्हणून त्याला हात करायचा राहिला.

ग्वेंडा : आणि तो?

टेरेन्स : ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. खिडकी उघडते का, एवढंच म्हणाल्या.

ग्वेंडा : ती तर तूच रंग फासून चिकटवून ठेवलीस.

टेरेन्स : सगळ्यांनी मिळून ढकलली. ग्रिम्सबीवाल्यांनीसुद्धा.

ग्वेंडा : आणि टॉवरचं काय?

टेरेन्स : म्हणाल्या, कांद्यांना काय, ते कुठेही राहतात.

ग्वेंडा : खरंच असं म्हणाल्या?

टेरेन्स : खरंच. मग खिडकीतून बाहेर बघून त्यांनी हात केला. चांगला वर करून.

ग्वेंडा : कुणाला? धावपट्टी तर केव्हाच नांगरली. बाहेर नुसतं बीट आहे.

टेरेन्स : ट्रॅक्टरवर एक माणूस होता. त्यानेही केला.