गणपतीला फोटोतली जास्वंद

आमच्या सासूबाईंच्या जास्वंदीचं तुम्हाला सांगितलं नाही का? अहो, रोज सकाळी पिशवी घेऊन निघायच्या आणि शेजारच्या मॅडमच्या झाडाची सगळी फुलं गणपतीच्या नावावर तोडून आणायच्या. माझा जीव टांगणीला. कारण त्या मॅडम ज्या शाळेच्या प्रिन्सिपल, तिथंच आमच्या ईशानचा नर्सरीचा फॉर्म भरलेला.

शेवटी मी म्हटलं, “आई, हे बघा, मोबाईलवर फुलांचे वॉलपेपर फ्री मिळतात. खाली माहितीपण दिलीये, जास्वंदीचं फूल एका दिवसात कोमेजतं. फोटोतलं कोमेजत नाही.”

“एका दिवसात कोमेजतं ना? मग मी तोडलं तर त्या बाईचं काय गेलं?”

तरी मी लालभडक जास्वंद लावून मोबाईल गणपतीसमोर उभा केला. सासूबाईंनी मुकाट्यानं त्या मोबाईललाच हात जोडले. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

चतुर्थीला त्यांनी मोदक केले, सगळे डब्यात भरले आणि थेट मॅडमकडे गेल्या. परत आल्या त्या पिशवीभर जास्वंद घेऊन. मागून मॅडम फाटकातून सांगत होत्या, “अम्माजी, रोज ले जाइए. और सोमवार को बच्चे को स्कूल ले आइए.”

माझा जीव भांड्यात पडला. ताट घेऊन बसले. “आई, माझा मोदक?”

त्यांनी माझाच मोबाईल ताटात ठेवला. स्क्रीनवर मोदकाचा फोटो.

“फ्री आहे. पाहिजे तितके खा.”