भैय्याजीच्या विहिरीचं पाणी

(आंजी, १९७९चा उन्हाळा. आनंदाबाईच्या ओट्यावर दोन बादल्या. नदीच्या डोहाचा अभ्यास करायला नागपूरहून आलेली शरयू तिच्याच घरी राहते.)

आनंदाबाई : म्हंजे या बादलीतल्या साऱ्याच मासोळ्या मेल्या?

शरयू : साऱ्या. यात भैय्याजींच्या विहिरीचं पाणी आहे. दुसरीत तुमच्या विहिरीचं.

आनंदाबाई : हिच्यातल्या तं कशा मस्त पोहून राह्यल्या! पन जहर त्यानं डोहात ओतलतं ना? पाहुन्यायले मासोळ्या खाऊ घालाच्या होत्या मोठ्या मानसाले! जाळं टाकाचा कंटाळा, म्हून पऱ्हाटीच्या किडीवर फवाराचं औषध ओतलं.

शरयू : डोहाचं पाणी वाळूतून त्यांच्याच विहिरीत झिरपतं, मावशी. तुमची विहीर चढावर आहे, म्हणून वाचली.

आनंदाबाई : वा रे देवा! माही दुभती म्हैस त्याच डोहावर पाय झाडून मेली. अन् हा पंचायतीत हासून म्हने, म्हातारी होती, मेली. आता पी म्हना घटाघटा!

शरयू : मी त्यांना सांगायला निघालेय.

आनंदाबाई : बस खाली! काई सांगत नाई तू.

शरयू : अहो, घरात माणसं आहेत.

आनंदाबाई : अन् माही म्हैस काय गोटा होती? ते मरून पडली तरी तिची वगार लुचून राह्यलती. या डोयानं पाह्यलं मी. पिऊ दे त्याले. करनी तशी भरनी.

शरयू : भैय्याजी स्वतः पाणी शेंदतात का कधी?

आनंदाबाई : तो? जन्मात दोराले हात नाई लावला त्यानं. सून शेंदते, जयवंता.

शरयू : तिला दिवस गेलेत ना?

आनंदाबाई : सातवा लागला.

शरयू : मावशी?

आनंदाबाई : मेल्यानं सूडही धड घेऊ देला नाई मले.

शरयू : मग जाऊ?

आनंदाबाई : जा. त्याले सांगजो, बाकीच्या विहिरी आटल्या, आता पानी आनंदाबाईच्याच विहिरीले हाय. पन जयवंताच्या डोक्यावर घागर दिसली तं मी दोर देनार नाई. त्यानं स्वतः याचं. साऱ्या बाया पान्याले येते तवाच.

शरयू : आणि आले तर? द्याल?

आनंदाबाई : देईन. पान्याले कोनाले नाई म्हनू नये. फक्त घागर भरली का रोज इचारीन, भैय्याजी, माह्या म्हशीले काय झालतं?