बाळंतिणीचा शिरा

मासे पुन्हा पाळायचं नाव काढू नका, बाबांनो. मांडीवर बरणी धरून मुंबईहून ते करंगळीएवढे परदेशी मासे मी नंदुरबारला आणले. दोन वर्षं खपलो, तेव्हा कुठे मादीनं फुटक्या मडक्यात अंडी घातली. ती तिथून हलेना, काही खाईना. हे आईला सांगितलं, तेच चुकलं. आई गावाची सुईण!

कामावरून परतलो तर टाकीत तूप तरंगतंय, मासे उताणे.

"दोन रोजपाईन उपाशी व्हती बिचारी, म्हनीसन शिरा दिधा," आई म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून, "मन्हा हातखाले आजलोंग एक बी बाळंतीण गयी नही व्हती रे."

रागवायचं त्राणही उरलं नव्हतं. तिनं दुसरा अख्खा दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी कढईत उरलेला शिरा मीच तिला भरवला.