भाजीत मीठ कमी आहे

घरच्या जेवणाची सर हॉटेलला नाही, हे निदान मला तरी ऐकवू नका. ते घरचं जेवण एकतीस वर्षं मीच करतेय. त्यामुळे रविवारी स्वयंपाक नाही म्हणजे नाही! गावभर शाखा असलेलं ते हॉटेल आमच्या बिबवेवाडीत उघडलंय, तिथं जेवायचं.

पहिल्यांदा आमचे हे कुरकुरतच आले. एक घास घेतला आणि सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

म्हटलं, "मला काय सांगताय? मी केलीय का? ज्यांनी केली त्यांना सांगा."

तेवढ्यात टाय लावलेला मॅनेजरच टेबलापाशी आला. हात मागे बांधून, जरासा वाकून म्हणाला, "सर, जेवण कसं वाटलं?"

यांनी घास गिळला. "छान! एकदम छान!"

मी बघतच राहिले. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, आणि इथं छान?

सोमवारी घरी वांग्याची भाजी केली. यांनी पहिला घास घेतला, मान वर केली, तोंड उघडलं. त्याआधीच मी समोर जाऊन उभी राहिले. हात मागे बांधले, जराशी वाकले.

"सर, जेवण कसं वाटलं?"

यांनी घास गिळला. मग म्हणाले, "छान."

मीठ मी घातलंच नव्हतं.